जाड अक्षरांचे पोट बुजते, ‘शेतकऱ्यांचा’ मधला र बिघडतो: फ्लेक्सवरच्या नक्षीदार फॉन्टची दर हंगामातली अडचण आणि तिचे निवारण

दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागतात, आणि त्याच सुमारास झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक चौकाचौकांत दिसू लागतात. त्याआधी पोळा आणि तान्हा पोळा होऊन गेलेला असतो, आणि पुढे शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), भागवत सप्ताह, लग्नसराई असा क्रम उन्हाळ्यापर्यंत चालतो. या सगळ्या फलकांवर मोठ्या मथळ्यासाठी आज एकच प्रकारचे अक्षर मागितले जाते, ते म्हणजे जाड, गोलसर, गुबगुबीत, लांबून पाहिल्यावर हसल्यासारखे वाटणारे अक्षर. माझे डीटीपीचे दुकान तालुक्याच्या गावी आहे. फ्लेक्सचे यंत्र माझ्याकडे नाही. फाइल मी तयार करतो आणि छपाई जिल्ह्याच्या ठिकाणी होते. संगणकावर सुरेख दिसलेला मथळा छापून आल्यावर बिघडलेला असण्याचा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे, आणि आजूबाजूच्या गावांतले इतके ऑपरेटर तीच तक्रार घेऊन येतात, की तिची कारणे आणि उपाय एकदा सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक वाटले.

ज्या फॉन्टबद्दल हे लिहीत आहे त्यांत ‘मोदक’ आणि ‘बलू’ हे दोन सर्वाधिक वापरात आहेत. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या समूहाने केलेले आहेत, दोन्ही युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) आहेत आणि खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात, त्यामुळे व्यावसायिक कामात वापरायलाही अडचण नाही. ‘मोदक’ करताना वाचनीयता टिकवून देवनागरी अक्षर किती जाड करता येईल हे पाहण्याचा उद्देश होता, आणि त्यामुळे त्याच्या अक्षरांच्या आतली मोकळी जागा केवळ एका बारीक रेघेएवढी उरते. ‘बलू’ त्यामानाने मोकळा आहे. त्याच्या नंतर आलेल्या ‘बलू २’ या आवृत्तीत साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच जाडी मिळतात.

जाड अक्षर हे त्याच्या आतल्या मोकळ्या जागेवर वाचले जाते, शाईवर नव्हे. आमच्याकडचे जुने पेंटर या जागेला ‘पोट’ म्हणत, आणि शिकाऊ मुलाला ब्रश हातात दिल्यावर पहिली सूचना ‘पोट मोकळं ठेव’ हीच असे. ‘पोळा’ या शब्दातून ‘ळ’ची दोन पोटे काढून टाकली तर उरतो तो केवळ एक गोळा. छपाईत होणाऱ्या निम्म्याहून अधिक बिघाडांचे मूळ या पोटाकडे झालेल्या दुर्लक्षात असते. उरलेले बिघाड अक्षरांच्या जोडणीचे असतात.

आधी दोष कुठे आहे ते ओळखावे

बिघडलेला फलक समोर आला की लगेच फॉन्ट बदलण्याची घाई करू नये. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ दिसत असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही, तो कृतीदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकाला खालची इंग्रजी अक्षरेच दिसतात. त्या मजकुरावर ‘मोदक’ लावून उपयोग होत नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि दोन-चार शब्दांचा मथळा असेल तर नव्याने टाइप करणेच जलद पडते.

मजकूर देवनागरीतच आहे, परंतु गुबगुबीत अक्षराऐवजी साधे, सडपातळ अक्षर आले आहे, असे दिसल्यास समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नाही आणि विंडोजने त्या जागी मंगल किंवा निर्मला लावला आहे. हा सर्वांत निरुपद्रवी दोष होय, कारण मजकूर शाबूत असतो.

याच प्रकारातला एक फसवा अनुभव ‘श्रीखंड’ या फॉन्टचा आहे. नाव वाचून अनेक जण तो मराठीसाठी उतरवून घेतात, मथळ्याला लावतात आणि अक्षर बदलतच नाही म्हणून फॉन्टची फाइल खराब असल्याचे समजतात. फाइल खराब नसते. ‘श्रीखंड’ गुजराती आणि रोमन लिपीसाठी केलेला आहे, त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. नावावरून लिपी ठरवू नये.

अक्षरे योग्य फॉन्टची आहेत पण पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला गेली आहे, जोडाक्षरे सुटून हलन्त दिसत आहे, मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ आले आहे, अशी स्थिती असल्यास दोष सॉफ्टवेअरच्या मांडणीचा आहे. आणि पडद्यावर सर्व काही बरोबर असून केवळ छपाईत पोट बुजले किंवा शिरोरेषेवर पांढरी भोके पडली, तर दोष बाह्यरेषेचा, वळणरेषांच्या रूपांतराचा (म्हणजे मजकुराचे ‘कर्व्ह’, निव्वळ आकार, करण्याचा) किंवा शाईच्या पसरण्याचा आहे.

वेलांटी आणि जोडाक्षरे सुटणे

युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी नोंदली जाते; वेलांटी ‘क’च्या आधी नेऊन बसवण्याचे काम सॉफ्टवेअरमधला मांडणी करणारा भाग करतो. हा भाग नसेल किंवा बंद असेल तर चांगला फॉन्टही हतबल होतो. आपल्या भागातल्या पुष्कळ दुकानांत अजून कोरल ड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या चालतात. २०१२ साली आलेल्या एक्स ६ पासून कोरलने मजकुराची यंत्रणा नव्याने केली आणि ओपनटाइप फॉन्टची जोडणी तिथे नीट होऊ लागली. त्याआधीच्या आवृत्तीत युनिकोड देवनागरीचा आग्रह धरणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. जुनी आवृत्तीच वापरणे भाग असेल तर मथळा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून, त्याच्या वळणरेषा करून, पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात कोरलमध्ये आणावा.

फोटोशॉपमध्ये प्राधान्यक्रमांच्या ‘टाइप’ विभागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडून परिच्छेदाच्या पटलात ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी लावावी लागते. इलस्ट्रेटरमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’ सुरू करून परिच्छेदाच्या पटलात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर निवडावा. हे एकदा केले की प्रश्न कायमचा सुटतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द

विदर्भातल्या फलकांवर हा शब्द जितका येतो तितका क्वचितच दुसरा येत असेल, आणि सर्वाधिक चुकतोही तोच. यातला अर्धा ‘र’ डोक्यावरच्या रफाराचा नाही, तो ‘य’ला बाजूने चिकटणारा, पापणीसारखा आडवा ‘र’ आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधली खोल जागा; आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगतात. हा फरक मराठीला आवश्यक आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही, आणि म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या अनेक शोभेच्या फॉन्टमध्ये या आडव्या ‘र’चा आकारच नसतो. फलकावर ‘शेतकर्यांचा’ असे तरी छापले जाते किंवा ‘ऱ’खाली नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त लोंबताना दिसतो.

यात दोन वेगळे दोष असतात आणि त्यांची गल्लत करू नये. रफार आला असेल तर टाइप करण्यात चूक झाली आहे. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ असा क्रम दिला की रफारच येणार. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबल्यास नुक्त्याचा ‘ऱ’ मिळतो, त्यानंतर ‘डी’च्या कळीने हलन्त द्यावा आणि मग ‘य’ टाइप करावा. मोबाइलवर सुचवलेले शब्द निवडून लिहिणाऱ्यांनी ‘शेतकर्यांचा’ आणि ‘शेतकऱ्यांचा’ या दोन्ही सूचना शेजारी येतात तेव्हा थांबून दुसरी निवडावी. क्रम बरोबर असूनही नुक्ता आणि हलन्त दिसत असतील तर तो दोष फॉन्टचा आहे, आणि त्या शब्दापुरती अक्षरे ओढूनताणून जुळवण्यापेक्षा फॉन्ट बदलणे योग्य. मी काही वेळा दुसऱ्या फॉन्टमधला आडवा ‘र’ कापून चिकटवला आहे. रेषेची जाडी जुळत नाही आणि ठिगळ लांबूनही ओळखू येते.

‘वऱ्हाडी मंडळी’, ‘तऱ्हा’, ‘कैऱ्या’, ‘पांढऱ्या सोन्याचा भाव’ या सर्वांना हाच नियम लागतो. त्याचप्रमाणे ‘ॲ’ची तपासणी करावी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले, त्यामुळे त्याआधी केलेल्या फॉन्टमध्ये ते नसण्याची शक्यता असते, आणि ‘ॲग्रो सेंटर’ किंवा ‘ॲड.’ लिहिताना त्या जागी रिकामा चौकोन किंवा परक्या फॉन्टचे अक्षर येते. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हवे असल्यास मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी. फॉन्टमध्ये ते आकार असतील तर आपोआप बदलतात. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरण्याविषयी राज्य शासनाचा २०२२ सालचा निर्णय आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या फलकासाठी ही काळजी विशेष घ्यावी.

नवा फॉन्ट उतरवला की मी ग्राहकाचा मजकूर लावण्याआधी एक ओळ टाइप करून पाहतो: ‘शेतकऱ्यांचा पोळा, झाडीपट्टीची मंडई, श्रीक्षेत्र, कर्तृत्व, ॲग्रो, ऑफसेट, वऱ्हाड’. या ओळीत जो फॉन्ट टिकतो तो मराठी कामाला पुरतो.

पोट बुजणे: मुख्य दुखणे

मागच्या एका हंगामात शंकरपटाचा फलक होता. दहा फूट रुंद, सहा फूट उंच; गडद लाल अक्षर, पिवळी पार्श्वभूमी, आणि अक्षराला काळी बाह्यरेषा. पडद्यावर ‘भव्य शंकरपट’ स्पष्ट वाचता येत होते. फ्लेक्स लागल्यावर रस्त्याच्या पलीकडून पाहिले तेव्हा ‘भ’ची गाठ भरून गेली होती, ‘श’ काळवंडला होता, आणि त्यावरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटून एखादा उंचवटा असावा तसा दिसत होता. आयोजकांनी पैसे कापले नाहीत, परंतु तो फलक आठवडाभर येता-जाता मला दिसत होता, आणि तेव्हापासून मी बाह्यरेषेचा हिशेब कागदावर करू लागलो.

हिशेब साधा आहे. समजा अक्षर १२ इंच उंच आहे आणि त्याच्या पोटातली सर्वांत अरुंद जागा पाव इंच आहे. बाह्यरेषा सामान्यतः अक्षराच्या काठावर मधोमध बसते, म्हणजे तिची निम्मी जाडी काठाच्या एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला जाते. बाह्यरेषा पाव इंचाची दिली तर पोटाच्या दोन्ही काठांवरून प्रत्येकी एक अष्टमांश इंच आत येतो, दोन्ही मिळून पाव इंच होतो, आणि पोट पूर्ण बुजते. पडद्यावर हे लक्षात येत नाही, कारण आपण पूर्ण फलक पाहत असतो आणि तो शब्द आपणच टाइप केलेला असल्यामुळे डोळा तो आठवणीने वाचतो.

यावर बहुतेक ऑपरेटर दोन उपाय करतात आणि दोन्ही अपुरे पडतात. कोरलमध्ये एफ १२ च्या चौकटीत ‘बिहाइंड फिल’ निवडले की बाह्यरेषा अक्षराच्या मागे जाते. परंतु तिने केवळ अक्षराचा रंगीत भाग वाचतो, पोटात गेलेली निम्मी रेषा तशीच राहते. दुसरा उपाय म्हणजे रेषा ‘आउटसाइड’ करणे. इथे मोठा गैरसमज आहे. आपल्या दृष्टीने पोट हा अक्षराचा आतला भाग आहे, संगणकाच्या दृष्टीने मात्र जिथे रंग नाही तो सर्व भाग बाहेरचाच, मग तो अक्षराभोवतीचा असो की ‘ळ’च्या पोटातला. त्यामुळे ‘आउटसाइड’ निवडल्यावर रेषेची पूर्ण जाडी पोटात उतरते आणि पूर्वी अर्धे बुजणारे पोट आता सगळे बुजते.

योग्य मार्ग असा की अक्षराला बाह्यरेषा द्यायचीच नाही. अक्षराच्या मागे त्याच्याच घडणीचा, पण पोटे नसलेला एक सलग आकार ठेवायचा. कोरलमध्ये मजकूर निवडून ‘क्रिएट बाउंड्री’ केल्यास शब्दाचा बाहेरचा घेर तेवढा मिळतो, आतली भोके येत नाहीत. त्या घेराला हव्या त्या रंगाने भरावे, त्याच रंगाची हवी तेवढी जाड रेषा द्यावी, कोपरे गोल करावेत आणि तो आकार अक्षराच्या मागे सरकवावा. इलस्ट्रेटरमध्ये ‘ऑफसेट पाथ’ने वाढवलेले आकार एकत्र करून आतले मार्ग पुसून टाकल्यास तेच साधते. आता पोटातून मागच्या आकाराचा रंग दिसतो आणि पोटाची रुंदी केसभरही कमी होत नाही. अट एकच: मागचा रंग अक्षराच्या रंगाहून स्पष्ट वेगळा असावा. लाल अक्षरामागे काळा आकार ठेवल्यास पोटे काळी होतील आणि पुन्हा तोच गोंधळ होईल. लाल अक्षरामागे पांढरा किंवा पिवळा, आणि हवी असल्यास त्याच्याही मागे काळा, अशी उतरंड लावावी. आमच्याकडच्या नाटकांच्या फलकांवर शोभणारा भडकपणा यात कुठेही कमी होत नाही, उलट अक्षर पार्श्वभूमीपासून सुटून पुढे येते.

बाह्यरेषेच्या बाबतीत आणखी एक खोड लक्षात ठेवावी. दहा फुटांच्या फलकाची तीच फाइल छोटी करून गाडीच्या मागच्या काचेसाठी किंवा हँडबिलासाठी वापरण्याची पद्धत आहे. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’, जुन्या आवृत्तीत ‘स्केल विथ इमेज’, ही खूण केलेली नसेल तर अक्षर लहान होते पण रेषा पूर्वीइतकीच जाड राहते. छपाईच्या ठिकाणचा ऑपरेटर घाईत फाइल ओढून लहान करतो आणि दोष आपल्या माथी येतो. खूण करून ठेवावी, किंवा रेषांचे रूपांतर वस्तूत करून मगच फाइल पाठवावी.

ठळक करण्याचे ‘बी’ हे बटण ‘मोदक’ किंवा मूळ ‘बलू’वर कधीही दाबू नये. या फॉन्टना एकच जाडी आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर खरी ठळक आवृत्ती आणू शकत नाही. ते आहे त्याच अक्षराला चहूबाजूंनी फुगवते, आणि फुगवटा पोटातही होतो. ‘बलू २’ उतरवताना ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमधल्या वेगवेगळ्या जाडीच्या फाइल बसवाव्यात, कारण बदलत्या जाडीची एकच फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्यास बहुधा फक्त मूळची सडपातळ जाडी दिसते आणि मग ऑपरेटर नाइलाजाने तेच बटण दाबतो.

शाईचाही विचार करावा लागतो. छापताना शाईचा थेंब थोडा पसरतोच. फ्लेक्सवर कमी, हँडबिलाच्या पातळ रंगीत कागदावर अधिक. पांढऱ्या किंवा फिक्या भागावर गडद अक्षर असेल तर शाई पोटाकडे पसरते आणि पोट अरुंद होते. गडद पार्श्वभूमीवर फिके अक्षर असेल तर हेच उलटे घडते: पार्श्वभूमीची गडद शाई अक्षराकडे सरकते, अक्षर थोडे सडपातळ होते आणि पोट रुंदावते. ‘मोदक’सारख्या अक्षराला हे दुसरे नुकसान सहज परवडते, पहिले परवडत नाही. म्हणून हँडबिलावर किंवा लहान आकारात हा फॉन्ट वापरायचा असेल तर गडद पट्ट्यावर पिवळे किंवा पांढरे अक्षर ठेवावे. माझ्या अनुभवात या एका बदलाने जेवढी कामे वाचली तेवढी इतर कशानेही वाचली नाहीत.

शिरोरेषेवरची पांढरी भोके

देवनागरीत शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, नाहीतर शब्दात फटी दिसल्या असत्या. मजकूर मजकूरच असतो तोपर्यंत हे चढणे दिसत नाही. कंट्रोल आणि क्यू दाबून त्याच्या वळणरेषा केल्या आणि सर्व आकार एकत्र जोडले गेले, की दोन आकार जिथे एकमेकांवर येतात तो भाग कोरल मोकळा मानते आणि तिथे भोक पडते. ‘पोळा’मध्ये ‘प’ आणि काना जिथे भेटतात तिथे तांदळाएवढा पांढरा चट्टा दिसतो. फलकावर तो दोन बोटांएवढा होतो.

वळणरेषा करण्याआधीच शिरोरेषेच्या जाडीत मावेल असा त्याच रंगाचा एक लहान आयत ठेवावा, मजकूर आणि आयत दोन्ही निवडून ‘वेल्ड’ करावे. संपूर्ण शब्द एकसंध होतो. आधीच भोके पडलेली फाइल हातात आली असेल तर वस्तूच्या गुणधर्मांत ‘फिल वाइंडिंग’ हा पर्याय करून पाहावा. नंतर वायरफ्रेम दृश्यात, म्हणजे रंगाविना केवळ कडांच्या रेषा दिसतात त्या दृश्यात, शब्दाकडे पाहावे. जोडाजवळ आडव्यातिडव्या रेषा उरलेल्या नसतील तर काम झाले.

अक्षरांमधले अंतर वाढवल्यानेही शिरोरेषा तुटते, परंतु तो फॉन्टचा दोष नाही. रोमन अक्षरे विरळ करून शब्द लांबवण्याची सवय देवनागरीला लावू नये. जागा भरायची असेल तर अक्षर मोठे करावे.

वेलांट्यांची टोके किंवा खालचे उकार कापले जात असतील, विशेषतः मोबाइलवरच्या ॲपमध्ये, तर मजकुराच्या चौकटीत वर-खाली जागा कमी पडत आहे. दोन ओळींमधले अंतर वाढवावे किंवा प्रत्येक ओळ स्वतंत्र चौकटीत ठेवावी. ‘मूर्ती’च्या खाली ‘श्रीं’ आली की वरचा उकार आणि खालची वेलांटी-अनुस्वार एकमेकांत घुसतात. अशा वेळी ओळींचा क्रम किंवा शब्दांची फोड बदलणे हाच मार्ग आहे.

हे अक्षर कुठे वापरावे

पुष्कळ वेळा तक्रार छपाईची नसतेच. ग्राहकाला मथळ्याचे अक्षर आवडते आणि तो म्हणतो, ‘भाऊ, पूर्ण बॅनरच याच अक्षरात करा जी.’ मग उद्घाटक, अध्यक्ष, सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे पदाधिकारी आणि चाळीस कार्यकर्त्यांची नावे त्याच जाड अक्षरात बसवली जातात, प्रत्येक नाव इंचभर उंचीचे होते आणि एकही वाचता येत नाही. नावांसाठी, तारखेसाठी आणि मोबाइल क्रमांकासाठी ‘मुक्ता’सारखा साधा फॉन्ट घ्यावा, तो त्याच समूहाचा आहे, त्यात सात जाडी मिळतात आणि मोठ्या अक्षराशी त्याचा सूर जुळतो. जाड अक्षर दोन ते चार शब्दांपुरते ठेवावे. तान्हा पोळ्याच्या लाकडी बैलांच्या स्पर्धेचा, शाळेच्या आनंदमेळाव्याचा, रसवंतीचा, मिठाईच्या दुकानाचा, नाटकातल्या विनोदी प्रवेशाच्या जाहिरातीचा मथळा यात खुलतो. श्रद्धांजलीच्या फलकाला तो लावू नये. ग्राहकाने आग्रह केला तरी मी नम्रपणे नकार देतो आणि त्या नकाराबद्दल आजवर कोणी रागावले नाही.

फाइल पाठवताना

मूळ फाइल मजकुरासह स्वतंत्र जपून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी तारीख आणि पाहुणे बदलणार आहेत. वळणरेषा केलेली प्रत वेगळ्या नावाने करावी आणि ती करण्याआधी ग्राहकाकडून मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा. त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, कारण फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार आणि तपशील कमी होतो आणि बारीक पोटे तिथेच धूसर होतात. सोबत मथळ्याचे एक चित्र द्यावे, म्हणजे छापणाऱ्याला अक्षर कसे दिसायला हवे हे ताडून पाहता येते.

रेडियम कापताना

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा दुकानाच्या काचेवर रेडियमची अक्षरे लावायची असतील तर वेल्ड केल्याशिवाय फाइल कटिंगला देऊ नये. छपाईत न दिसणारी प्रत्येक चढलेली रेषा तिथे सुरीने प्रत्यक्ष कापली जाते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. ‘मोदक’ची बारीक पोटे लहान आकारात कापल्यास रेडियमचा दोऱ्याएवढा तुकडा उचलताना तुटतो, अक्षर सहा इंचांहून लहान असेल तर मी ‘बलू’ घेतो.

याहून त्रासदायक म्हणजे अनुस्वार. तो शब्दापासून सुटा असतो, नको असलेले रेडियम सोलून काढताना त्याच्याबरोबर निघून जातो, आणि काचेवर लावल्यावर ग्राहक विचारतो, ‘भाऊ, मंडईवरचा टिंब कुठं गेला जी?’ मी आता ट्रान्सफर टेपच्या पाठीवर पेन्सिलीने टिंबांची संख्या लिहितो आणि लावण्याआधी मोजतो. ‘मंडई’साठी १, ‘शेतकऱ्यांचा आनंदोत्सव’ यासाठी २.